कोलंबियाचे नाव आणि आपली पारख



आपल्या घरातील परमपूज्य बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पदव्यांची जी मालिका छापलेली असते, ती मुले अक्षरे जुळवून वाचतात आणि मग विचारतात, 'ही विद्यापीठे कोठे आहेत?' त्या मालिकेतील तीन पदव्या एकाच विद्यापीठाच्या आहेत. 1915 ची एम. ए., 1927 ची पीएच. डी. आणि 1952 ची सन्मान्य एलएल. डी. या तिन्ही न्यूयॉर्क शहरातील कोलंबिया विद्यापीठाने दिल्या. साहजिकच महाड, येवला, नागपूर या नावांच्या पंक्तीत हे परदेशी नावही आपल्या समाजात जाऊन बसले आहे.

काही दिवसांपूर्वी, नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या एका कुटुंबातील गृहस्थ आमच्या विहारात आले. त्यांच्या मुलास याच विद्यापीठाच्या एका पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश दिल्याचे पत्र आले होते. पत्रात प्रवेश होता, परंतु शिष्यवृत्ती नव्हती. राहते घर गहाण टाकून कर्ज काढावे काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. जमलेल्या मंडळींपैकी एकाने तत्काळ निर्णय दिला, 'अहो, बाबासाहेबांच्या विद्यापीठाला नाही कसे म्हणता येईल?' या एका वाक्याने सभा निरुत्तर झाली. मलाही त्या क्षणी उत्तर सुचले नाही. ते सुचण्यास जो अवधी लागला, त्यातून हा लेख निर्माण झाला आहे.

आपण धर्म बदलला तो कशासाठी, हे आपणांस निराळे सांगावयास नको. केसपुत्त नगरीच्या कालामांना तथागतांनी जो उपदेश केला, तो आपण विहारात वारंवार ऐकतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा थोर आहे म्हणून कोणतीही गोष्ट स्वीकारू नका. ती स्वतः पारखून घ्या, असे त्याचे सार आहे. ही पारख देवळातील दगडाला लावावयाची आणि विद्यापीठाच्या नावाला मात्र लावावयाची नाही, असा अपवाद त्या उपदेशात मला कोठे आढळलेला नाही. तेव्हा कोलंबियाचे नाव आपण पारखून पाहू. त्यात बाबासाहेबांचा अवमान होतो असे कोणास वाटल्यास त्याने लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती आहे.

प्रथम ही संस्था कोणती ते पाहू. तिचे पूर्ण नावच 'न्यूयॉर्क शहरातील कोलंबिया विद्यापीठ' असे आहे. 1754 साली इंग्लंडच्या राजाच्या सनदेने ती 'किंग्ज कॉलेज' या नावाने निघाली. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर 1784 साली राजाचे नाव जाऊन कोलंबिया हे नाव आले. आणि 1897 साली ती आजच्या मॉर्निंगसाइड हाइट्स या उंचवट्यावरील जागेत आली. ती सरकारी संस्था नव्हे. विश्वस्तांनी चालविलेले, देणग्यांच्या निधीवर व विद्यार्थ्यांच्या शुल्कावर उभे असलेले ते खासगी विद्यापीठ आहे. उंचवट्याच्या पायथ्याशी हार्लेम, म्हणजे कृष्णवर्णीयांची जगप्रसिद्ध वस्ती. विद्यापीठ वर आणि हार्लेम खाली, ही केवळ भूगोलाची गोष्ट नाही, हे पुढे दिसेल.

1913 च्या जुलै महिन्यात बाबासाहेब तेथे पोहोचले तेव्हा त्यांचे वय 22 वर्षांचे होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांस तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. तिच्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. या तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4 व राज्यशास्त्राचे 3 अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रारंभिक अभ्यास केला. हे आकडे कोणीही क्षणभर थांबून वाचावेत. पदवीपुरते शिकणारा विद्यार्थी इतके वर्ग घेत नाही. एडविन सेलिग्मन, जॉन ड्यूई, जेम्स हार्वे रॉबिन्सन, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांसारखे अध्यापक त्यांना लाभले. गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात 9 मे 1916 रोजी त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती व विकास यांवरील निबंध वाचला. ज्या विद्यार्थ्यास साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले होते, तोच जातिसंस्थेचे शास्त्रीय विच्छेदन करीत आहे आणि प्राध्यापक ते लक्षपूर्वक ऐकत आहेत, हे दृश्य आपण डोळ्यांपुढे आणावे. पुढे 1925 साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध ग्रंथरूपाने निघाला, तेव्हा त्यास सेलिग्मन यांनीच प्रस्तावना लिहिली. गुरुशिष्यांचा संबंध समुद्रापलीकडून एवढी वर्षे टिकला होता.

यावरून कोलंबियाने बाबासाहेबांस काय दिले ते स्पष्ट होते. वर्गात समानतेने बसण्याची जागा मिळाली, वाटेल तो विषय उघडून पाहण्याची मुभा मिळाली, ग्रंथालय मिळाले आणि विद्यार्थ्याचे म्हणणे गंभीरपणे घेणारे शिक्षक मिळाले. परंतु या सर्वांचा लाभ घेता आला तो घर गहाण नसल्यामुळे, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. बडोद्याची शिष्यवृत्ती बंद होताच त्यांनाही 1917 साली लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले.

आणि नावाने काय दिले? करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर गेले तेव्हा कोलंबियाचे नाव त्यांच्याबरोबर होतेच. त्या शहरात त्यांना राहावयास घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून काढलेले दिवस लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपविले. कचेरीतील शिपाई कागद दुरून टाकीत. जगातील नामांकित विद्यापीठाची विद्या ज्याच्या मस्तकात होती, त्यास झाडाखाली बसून अश्रू ढाळावे लागले. ज्यांना वाटते की मोठ्या विद्यापीठाचे नाव लागले म्हणजे जात आपोआप गळून पडेल, त्यांनी हा प्रसंग मुलांना अवश्य सांगावा. बाबासाहेबांस पुढे जे सामर्थ्य आले ते विद्येचे होते. नावाने त्यांचे बिऱ्हाडसुद्धा वाचविले नाही.

आता विद्यापीठाची दुसरी बाजू पाहू. 1968 साली कोलंबियाने मॉर्निंगसाइड उद्यानात, म्हणजे शहराच्या सार्वजनिक जागेत, एक व्यायामशाळा बांधण्यास आरंभ केला. विद्यार्थ्यांचे प्रवेशद्वार वरच्या बाजूस होते. हार्लेमच्या रहिवाशांना इमारतीचा एक लहान भाग मिळावयाचा होता आणि त्यांचे दार निराळे, खालच्या अंगाला. वाचकहो, निराळे दार म्हणजे काय हे जगात आपल्याइतके कोणास कळेल? विद्यापीठातील कृष्णवर्णीय व गौरवर्णीय विद्यार्थ्यांनी एप्रिल 1968 मध्ये इमारती ताब्यात घेतल्या. व्हिएतनाम युद्धाशी निगडित संशोधनालाही त्यांचा विरोध होता. पोलिसांनी सुमारे 700 जणांना पकडले. परंतु ती व्यायामशाळा तेथे झाली नाही ती नाहीच. म्हणजे ज्या संस्थेने एका अस्पृश्य विद्यार्थ्यास समानतेने बसविले, तीच संस्था शेजारच्या गरिबांसाठी मागचे दार काढावयास निघाली होती. आणि तिला अडविणारेही तिचेच विद्यार्थी होते. संस्था एकरंगी नसतात. त्यांची पूजा करणाऱ्यास हे कधीच दिसत नाही.

यापुढे जो विषय येतो, तो आपल्या मुलांच्या शिष्यवृत्तीशी थेट जोडलेला असल्याने अधिक लक्ष द्यावे. हल्ली विद्यापीठाचा लौकिक आकड्यांनी सांगण्याची पद्धत पडली आहे. अमुक विद्यापीठ जगात इतक्या क्रमांकाचे, तमुक देशात तितक्या. अमेरिकेतील 'यू. एस. न्यूज' या प्रकाशनाच्या क्रमवारीत कोलंबिया दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले होते. फेब्रुवारी 2022 मध्ये त्याच विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी आकडेमोड करून दाखविले की, विद्यापीठाने पुरविलेली माहिती वस्तुस्थितीशी जुळत नाही. 20 पेक्षा कमी विद्यार्थी असणाऱ्या वर्गांचे प्रमाण 82 टक्क्यांहून अधिक सांगितले होते. पुढे विद्यापीठाने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत ते 57 टक्के निघाले. सप्टेंबर 2022 मध्ये चूक मान्य झाली, क्रमांक दुसऱ्यावरून अठराव्यावर आला, आणि 2023 च्या जून महिन्यात विद्यापीठाने त्या क्रमवारीसाठी माहिती देणेच थांबविण्याचे जाहीर केले. एका वर्षात विद्यापीठातील ग्रंथ कमी झाले नव्हते की शिक्षक अडाणी झाले नव्हते. मग दुसरा क्रमांक खरा की अठरावा? दोन्ही नव्हेत, असे माझे मत आहे. (मात्र आपल्याच संस्थेचे पितळ उघडे पाडणारा प्राध्यापक जेथे नोकरीत राहू शकतो, त्या संस्थेला त्याबद्दल काही गुण द्यावयास हवेत, आणि हे गुण कोणत्याही क्रमवारीत मोजले जात नाहीत.)

परंतु आमची सरकारे या क्रमवारींवर वेदवाक्यासारखा विश्वास ठेवतात. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती घ्या. तिच्या 125 जागांपैकी 115 अनुसूचित जातींसाठी असून, 'क्यूएस' या खासगी संस्थेच्या जागतिक क्रमवारीत 500 च्या आतील विद्यापीठाची तिला अट आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व शासकीय भाषेत ज्यांना 'नवबौद्ध' म्हणतात त्यांच्या 75 विद्यार्थ्यांना मिळते. तिची मर्यादा पहिल्या 200 ची आहे. आता ही क्रमवारी कशी ठरते? तिच्या अलीकडील सूत्रात 30 टक्के गुण अध्यापकांमधील लौकिकास व 15 टक्के नोकरी देणाऱ्यांमधील लौकिकास आहेत, आणि दोन्ही केवळ मते विचारून ठरतात. म्हणजे जवळजवळ निम्मे गुण ऐकीव कीर्तीचे! ज्याचे नाव मोठे त्याला मोठे म्हणावे, आणि मोठे म्हटले म्हणून त्याचे नाव आणखी मोठे व्हावे, हे चक्र आपल्या ओळखीचे आहे. जन्माने श्रेष्ठ ठरलेल्यांची श्रेष्ठता याच न्यायाने शतकानुशतके चालत आली. अशा मोजपट्टीवर दलित-बौद्ध विद्यार्थ्याचे भवितव्य टांगून ठेवणे हे मला अन्याय्य वाटते. एखाद्या विषयाचा उत्तम अध्यापक क्रमवारीत मागे असलेल्या विद्यापीठात असेल, तर त्याच्याकडे जाण्याचा मार्ग सरकार का बंद करते, हा प्रश्न आपल्या संघटनांनी लेखी विचारला पाहिजे.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. 2022 च्या नियमावलीने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. हे विषय भारतातच शिकता येतात, असा युक्तिवाद पुढे करण्यात आला. 9 मे 1916 चा निबंध आठवा. या नियमाप्रमाणे तो विषय घेऊन परदेशी जाणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यास अर्जच करता आला नसता. बाबासाहेबांच्या विद्यापीठात जा, परंतु बाबासाहेबांनी अभ्यासिलेला विषय नको, असे सांगणारे सरकार आपणांस नेमके काय देऊ इच्छिते? आणि जे देते तेही वेळेवर देत नाही. जुलै 2025 मध्ये निवड झालेल्या 106 जणांपैकी प्रारंभी केवळ 40 जणांना पत्रे गेली. उर्वरितांना निधीची वाट पाहण्यास सांगण्यात आले. परदेशी विद्यापीठाची मुदत आपल्या मंत्रालयासाठी थांबत नसते.

विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष जीवनाकडे आता वळतो. कोलंबियाच्या पदवी अभ्यासक्रमाचे केवळ शिक्षणशुल्क वर्षाला 70 हजार डॉलरच्या घरात आहे. राहणे-जेवणे धरून हा खर्च 90 हजारांच्या वर, म्हणजे पाऊण कोटी रुपयांहून अधिक होतो. न्यूयॉर्कमधील घरभाडे हा स्वतंत्र छळ आहे. परंतु एक गोष्ट आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. तेथील पदवीच्या वर्गात परदेशी विद्यार्थ्यास प्रवेश मिळाला आणि त्याने अर्जाबरोबरच आर्थिक साहाय्य मागितले असेल, तर त्याची सिद्ध झालेली संपूर्ण गरज विद्यापीठ भागविते. मात्र निवड करताना त्याची गरज विचारात घेतली जाते, आणि अर्जाच्या वेळी न मागितलेले साहाय्य मागाहून मिळेल या भरवशावर राहता येत नाही. पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांना बहुधा शुल्कमाफी व निर्वाहवेतन मिळते. उरतात ते पदव्युत्तर अभ्यासक्रम. तेथे साहाय्य तुटपुंजे आणि शुल्क पुरेपूर असते. आपल्याकडील मध्यस्थ कचेऱ्या ज्या जाहिराती करतात, त्या प्रामुख्याने याच अभ्यासक्रमांच्या असतात, हा योगायोग समजू नये.

निर्वाहवेतनावरही सर्व सुखात असतात असे नाही. तेथे वर्गांना शिकविणाऱ्या व प्रयोगशाळेत राबणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांनी नोव्हेंबर 2021 पासून सुमारे दहा आठवडे संप केला, आणि वेतनवाढ मिळवूनच तो मिटविला. एप्रिल 2024 मध्ये गाझातील युद्धाविरुद्ध विद्यापीठाच्या हिरवळीवर तंबू ठोकून बसलेल्या विद्यार्थ्यांवर विद्यापीठाने पोलिस बोलाविले व शंभराहून अधिक जणांना अटक झाली. मार्च 2025 मध्ये अमेरिकन सरकारने यहुदी विद्यार्थ्यांच्या संरक्षणाचे कारण देऊन विद्यापीठाचे 40 कोटी डॉलरचे अनुदान रद्द केले. त्याच सुमारास एका भारतीय संशोधक विद्यार्थिनीचा व्हिसा रद्द होऊन तिला तो देश सोडावा लागला. जुलैमध्ये 20 कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य करून विद्यापीठाने सरकारशी तडजोड केली. ड्यूई ज्या विद्यापीठात शिकवीत होते, त्याची मान एवढी वाकलेली पाहून मला खेद झाला. परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलाने हे जाणून जावे. तेथे त्याचा वास्तव्याचा हक्क सरकारच्या मर्जीवर असतो, आणि विद्यापीठ त्याची पाठराखण करीलच असे नाही.

जातीचा प्रश्न समुद्र ओलांडून जातो, हेही आता लपलेले नाही. खासगी विद्यापीठांपैकी ब्रँडाइस विद्यापीठाने डिसेंबर 2019 मध्ये जातीवरून होणारा भेदभाव आपल्या नियमांत निषिद्ध केला; 2023 मध्ये सिॲटल शहराने तसा कायदा केला. जेथे रोग नसतो तेथे औषधाची व्यवस्था कोणी करीत नाही. तेथील भारतीय मंडळांत आडनाव विचारले जाते, आणि मुलाने ताठ मानेने उत्तर द्यावे एवढी त्याची तयारी घरातच झालेली असावी.

बाबासाहेबांनी स्वतः विद्यार्थ्याच्या अनुभवाचे मोजमाप कसे केले, हे त्यांनी काढलेल्या संस्थांवरून कळते. 1945 साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि 20 जून 1946 रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. ते सकाळच्या वेळी भरविले, कारण विद्यार्थ्यास दिवसा नोकरी करावी लागे. 1950 साली औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे महाविद्यालय निघाले आणि पुढे मिलिंद नावाने ओळखले गेले, तेथे खेड्यातून येणाऱ्या मुलांच्या वसतिगृहाकडे त्यांचे लक्ष असे. कोलंबियाचा हा पदवीधर आपल्या संस्थेचा क्रमांक कितवा लागेल याचा विचार करीत बसला नव्हता. गिरणीतून किंवा कचेरीतून येणाऱ्या मुलास किती वाजता वर्गात बसता येईल, याचा त्याने विचार केला.

त्या गृहस्थांना मी दुसऱ्या रविवारी जे सांगितले ते येथे नोंदवितो. हे विद्यापीठ उत्तम आहे, पण हे पत्र उत्तम नाही. आपल्या मुलाला कोणत्या अध्यापकाकडे शिकावयाचे आहे, असे मी विचारले. त्यास एकही नाव सांगता आले नाही. अभ्यासक्रम 16 महिन्यांचा, आणि कर्जाची फेड त्याच्या दसपट काळाची. घर गहाण टाकू नये. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का, हे विद्यापीठास लेखी विचारावे, आणि त्या वर्षात दोन्ही सरकारी शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज करावा. वडील काही वेळ गप्प राहिले. मुलगा नाराज झाला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मग कागदपत्रे पाहावयास घेतली. दीक्षा घेतल्याने सवलत जाईल अशी भीती त्या घरात होती. 1990 च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्रातही अनुसूचित जातींचे हक्क मिळाले आहेत, हे त्यांना सांगितले. मात्र मुलाच्या दाखल्यावर केवळ 'बौद्ध' एवढाच शब्द होता. मूळ अनुसूचित जातीचा व धर्मांतराचा उल्लेख असलेला दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कचेरीतून मिळवावा लागेल, आणि त्यास वेळ लागतो. तो अर्ज लिहिण्यास मुलगा सोमवारी सकाळी विहारात यावयाचा आहे.